‘अल्बम’ आणि बोली : झाडीपट्टीतील व्हिडिओ-गीतांविषयी काही विचार

साकोलीच्या बाजारात किंवा लग्नघरी ‘अल्बम’ हा शब्द आज ज्या अर्थाने कानी पडतो, तो त्याच्या मूळ अर्थापासून फार दूर गेलेला आहे. आधी छायाचित्रांची वही, मग एका कॅसेटीत एकत्र केलेल्या आठदहा गाण्यांचा संच, आणि आता मोबाइलवर पाहावयाचे एकच गाणे, तेही चित्रपटाबाहेरचे. संच गेला, कॅसेट गेली; नाव तेवढे मागे राहिले. अशा अर्थांतराचे भाषाभ्यासकास नवल वाटू नये. परंतु या एका शब्दाच्या प्रवासात गेल्या चार दशकांतील माध्यमांचा बराच इतिहास गोठलेला आहे, आणि प्रस्तुत टिपणात मला त्यातील एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : गाण्याचे चित्र दूरचित्रवाणीवरून आंतरजालावर आले, तेव्हा बोलीचे काय झाले?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्यापाशी असते. दूरचित्रवाणीवर मोजक्यांची सत्ता होती. आंतरजालाने दार मोकळे केले. सबब बोलींना आवाज मिळाला. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही वर्गात हेच सांगत असे. आता ते तितक्या निःशंकपणे सांगवत नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि ‘छायागीत’सारख्या कार्यक्रमांनी चित्रपटातील गाणे कथेपासून सोडवून सुटे पाहण्याची सवय प्रेक्षकांस लावली. १९९१ मध्ये एमटीव्ही उपग्रहामार्गे भारतात आले, १९९४ मध्ये चॅनल व्ही. १९९५ मधील अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने चित्रपटाविना केलेले गाणेही घरोघरी पाहिले जाऊ शकते हे सिद्ध केले. मराठीत अल्फा मराठी (१९९९) आणि ईटीव्ही मराठी (२०००) या वाहिन्यांनी दृश्यगीतास थोडी जागा दिली. या मुख्य प्रवाहाच्या कडेने दुसरा एक प्रवाह चालला होता. स्वस्त कॅसेटीमुळे मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांची पकड ढिली होऊन उत्तर भारतातील प्रादेशिक संगीतास बाजार कसा मिळाला, हे पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात दाखविले आहे. कॅसेटीची जागा पुढे व्हीसीडीने घेतली. यूट्यूब २००५ मध्ये जन्मले, त्याची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये निघाली. तथापि साकोलीसारख्या गावी खरा पालट झाला तो ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर. चॅनल व्ही तर २०२१ मध्ये बंदही पडले.

आता मुद्द्याकडे येऊ. वाहिनीच्या काळात कोणते गाणे दाखवावयाचे हे कोणी तरी माणूस ठरवीत असे. तो माणूस आता दारातून उठला आहे. पण दार मात्र तेथेच आहे. आज गाणे प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते शोधशब्दावाटे आणि शीर्षकावाटे. गाणे ऐकले जाण्यापूर्वी ते लिहिले जाते, आणि बहुधा रोमन अक्षरांत लिहिले जाते. मौखिक परंपरेतील गाण्यावर ही अट प्रथमच लादली गेली आहे. तिचे परिणाम पाहावयाचे तर बोलीच्या वर्णव्यवस्थेतच शिरले पाहिजे.

झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. ‘श’ आणि ‘ष’ यांच्या जागी ‘स’ येतो. पाणी ते ‘पानी’, काळा तो ‘कारा’, डोळा तो ‘डोरा’. ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) भंडाऱ्याची मराठी नागपुरीच्या सदरात घातली. झाडीबोलीला तिच्या नावाने आणि तिच्या वर्णांनी ओळख मिळवून देण्याचे काम पुढे साकोलीच्याच परिसरातून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केले, हे येथील वाचकांस सांगणे नको. आता या बोलीतील शब्द रोमन अक्षरांत घालून पाहावा. तेथे ‘ण’ आणि ‘न’ यांना अक्षर एकच. म्हणजे ज्या ‘पानी’बद्दल झाडीतल्या मुलाला शाळेत टोकले गेले, तो ‘पानी’ शीर्षकात निर्दोष ठरतो. प्रमाण आणि बोली यांतील भेद लिपीनेच पुसलेला असतो. ‘ळ’चे तसे नाही. ‘डोळा’ लिहिताना ‘ल’चे अक्षर येणार आणि ‘डोरा’ लिहिताना ‘र’चे. येथे लिपी काही झाकत नाही. बोलीची दोन लक्षणे. त्यांपैकी एक लिपीच्या कृपेने निर्धास्त झाले आणि दुसरे उघडे पडले. शाळेत जो निवाडा गुरुजी करीत, तो आता शोधयंत्र करते, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की गुरुजींशी वाद घालता येत असे.

या ठिकाणी खानदेशाशी तुलना उपयोगी पडेल. अहिराणी गाण्यांनी यूट्यूबवर जे स्थान मिळविले आहे, त्याच्या जवळपासही झाडीबोली नाही. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणे खानदेशाबाहेरच्या, अहिराणीचा शब्दही न जाणणाऱ्या मुलांना ठाऊक आहे. याचे कारण लोकसंख्येत शोधण्याचा मोह होतो. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून निराळी भाषा म्हणून मोजली गेली असून तिचे भाषिक सुमारे १८.६ लाख भरतात, आणि झाडीबोलीचे भाषिक मात्र मराठीतच विरघळतात. हे खरे, परंतु मला वाटते, याखेरीज एक भाषिक कारणही आहे. अहिराणीची खूण तिच्या व्याकरणात आहे. ‘हाई’ हे दर्शक सर्वनाम, ‘मना’, ‘तुना’ ही षष्ठीची रूपे, ‘शे’ हे क्रियापद : अशा रूपांवाचून वाक्य पुरे होत नाही. सदर गाण्याच्या शीर्षकाचा पहिलाच शब्द बोलीचे नाव सांगून मोकळा होतो. झाडीबोलीची चटकन ऐकू येणारी खूण उच्चारात आहे, आणि तिचे दुर्दैव असे की तो उच्चार परक्या कानाला हिंदीसारखा भासतो. ‘कारी’ म्हटले की बाहेरच्या श्रोत्यास व्रजभाषेतील कारी घटा आठवते. ‘डोरा’ म्हटले की धागा. वऱ्हाडी ‘डोया’ ऐकून मनुष्य निदान थबकतो. ‘डोरा’ ऐकून तो चुकीचा अर्थ लावून पुढे जातो. न समजलेल्या शब्दाविषयी कुतूहल उत्पन्न होते, चुकीच्या समजलेल्याविषयी होत नाही. हे माझे अनुमान आहे. त्याची कसोटी कोणी तरुण अभ्यासकाने घ्यावी.

झाडीपट्टीत गाणे आजवर जगले ते लिपीच्या बळावर नव्हे. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा वडशाच्या मंडळींचे नाटक उभे राहते. खडी गंमतीचा शाहीर गाता गाता समोरच्या पाटलाची फिरकी घेतो, गावच्या तलावाचे नाव कडव्यात घालतो, नुकत्याच पडलेल्या पावसाला दोन शब्द सुनावतो. रोमन याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी श्रोत्याला उद्देशून होणारे आणि संपर्क टिकवून धरणारे अशी दोन कार्ये येथे गाण्याच्या मुळाशी आहेत. ‘आज’, ‘इथं’, ‘तू’ या शब्दांना मंडईत नेमका अर्थ असतो. व्हिडिओत ‘तू’ म्हणजे कोण? जो कोणी मोबाइल उघडील तो. त्यामुळे माझ्या पाहण्यातल्या झाडीपट्टीच्या अल्बमांत गावाचे नाव क्वचित येते, नावाजागी ‘झाडीपट्टी’ हा शब्द मात्र वारंवार येतो. शाहिराला तो कधी लागत नसे. आपण झाडीत आहोत हे झाडीतल्या श्रोत्याला सांगावयाचे कशाला? प्रदेशाचे नाव गाण्यात शिरले, याचा अर्थ गाण्याने प्रदेशाबाहेर तोंड केले. यात केवळ हानीच आहे असे मी म्हणत नाही. नाटकातील कामगिरीबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ‘झॉलीवूड’ (२०२२) या चित्रपटाने येथील रंगभूमी पडद्यावर नेली. बाहेर तोंड केल्यावाचून हे घडते ना.

लघुचित्रांचा उल्लेख ओझरताच करतो. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी रील्स व शॉर्ट्स यांनी ती जागा घेतली. संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ (२०२४) महाराष्ट्राबाहेर ज्या वेगाने गेले, तो वेग संपूर्ण गाण्याचा नव्हता, धृपदाचा होता. येथे बोलीचा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण बोलीचे वैभव कडव्यात असते आणि धृपद स्वभावतःच सर्वांना जमेल असे करावे लागते.

आमच्या साहित्य-चळवळीलाही येथे एक दोष द्यावासा वाटतो. झाडीबोलीत कविता लिहिणाऱ्यांनी ‘न’, ‘र’, ‘स’ यांचे लेखन निष्ठेने पाळले, परंतु अल्बम करणारी मुले त्या चळवळीच्या वाटेने आलेली नाहीत, आणि तिच्या संमेलनांत त्यांना कोणी बोलाविल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एकाच बोलीचे दोन लेखक-वर्ग, एकमेकांस अनोळखी.

साकोलीजवळच्या एका खेड्यातील तरुण गायकाचे एकच गाणे मी दोनदा ऐकले : प्रथम मंडईत, नंतर यूट्यूबवर. मंडईत त्याने सरळ ‘डोरा’ म्हटले होते. व्हिडिओत ‘डोळा’ आहे, आणि तो ‘ळ’ इतक्या जपून उच्चारलेला आहे की त्याच कडव्यात पुढे ‘कमाल’चेही ‘कमाळ’ झाले आहे. प्रमाणाच्या धाकाने होणाऱ्या अतिशुद्धीचे याहून स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकातही मिळाले नसते. हा बदल का केला, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘सर, मंडईत आपलेच लोक असतेत. मोबाइलवर कोन पायते, का मालूम?’ माझ्या विनंतीवरून त्याने ते गाणे ध्वनिमुद्रणासाठी पुन्हा म्हटले. पहिल्या खेपेस ‘डोळा’ आला. यंत्र बंद केल्यावर, चहा येईपर्यंत तो स्वतःशीच गुणगुणत होता, तेव्हा ‘डोरा’.