‘यंत्रमानव’ की ‘खांदेकरी’? एका प्रतिशब्दाची चिकित्सा

भंडारदऱ्याचे प्रवरेवरील दगडी धरण 1910 ते 1926 या काळात बांधले गेले. ते बांधले जात असतानाच, 1920 मध्ये, कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून ‘रोबॉट’ हा शब्द जगापुढे आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोता’ या शब्दाचा अर्थ वेठ असा होतो. मराठीने ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रूढ करताना ही वेठ गाळली व तिच्या जागी आकृती आणून बसविली. वस्तुतः चापेकचे रोबॉट लोखंडी यंत्रे नव्हतेच. ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडविलेले श्रमिक होते. म्हणजे या समासाचे पूर्वपदही मुळाशी इमान राखीत नाही.

माणसासोबत ओझे वाहणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत तर हा शब्द अगदीच तोकडा पडतो. भंडारदऱ्याभोवतीच्या सह्याद्रीत, जेथे वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही तेथे, आजाऱ्याला दांड्याच्या झोळीत घालून नेतात. उचलताना व टेकविताना एखाददुसरा शब्द उच्चारला जातो. मधल्या वाटेत बोलण्याचे काम दांडाच करतो. मागच्याला वाट दिसत नाही. पुढचा थबकला, वळला, उतरणीला लागला, हे त्याला खांद्यावर कळते. जपानमधील एचआरपी-2पी या द्विपाद यंत्राने माणसाबरोबर मोठी फळी वाहून नेल्याचा प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही आज्ञा आवाजाने दिल्या जात, आणि चालताना माणसाचा ओढा यंत्राला हातातील बलमापकांवरून समजे.

अशा यंत्रास ‘खांदेकरी’ म्हणणे अधिक सयुक्तिक होय. हा शब्द आकृतीविषयी काही सांगत नाही, आणि त्यात दुसरा खांदेकरी गृहीत असतो. तिरडीच्या स्मरणाने तो अशुभ ठरतो, हा आक्षेप टिकणारा नाही. पालखीलाही खांदेकरीच लागतात. (मंत्रिमंडळाच्या खांदेपालटात तर ओझ्याची आठवणही कोणास होत नाही.)

अडचण निराळीच आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कोलगेट व पेश्किन यांनी 1996 मध्ये मांडलेल्या ‘कोबॉट’मध्ये ढकलण्याचे बळ माणसाचे असे, यंत्र चाकाची दिशा वळवून केवळ मार्ग नियत करी. तेथे यंत्र वाटाड्या होते. जपानी प्रयोगात वाटाड्या माणूस होता. दोहोंना एकच नाव दिल्यास वाट कोण ठरवितो हा भेद पुसला जातो. आणि ओझे कलले तर अंग ज्याचे चेचते, त्याच्या दृष्टीने हाच भेद महत्त्वाचा आहे. यासाठी ‘पुढचा खांदेकरी’ व ‘मागचा खांदेकरी’ अशी जोडी परिभाषेत घ्यावी लागेल. ‘कोबॉट’ पहिल्यात मोडेल, एचआरपी-2पी दुसऱ्यात.