'लाउत बर्चेरिता' : न लागलेल्या निकालाची कादंबरी

लैला एस. चुदोरी यांची 'लाउत बर्चेरिता' ही इंडोनेशियन कादंबरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सुहार्तो राजवटीच्या अखेरीस, १९९७-९८ मध्ये, लोकशाहीवादी कार्यकर्त्यांची जी अपहरणे झाली त्यांवर ती आधारलेली आहे. ही अपहरणे करणारी तुकडी ज्या कोपासुस या विशेष दलाची होती, त्याचे तत्कालीन प्रमुख प्राबोवो सुबियांतो २० ऑक्टोबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. सैन्यातून दूर केला गेलेला अधिकारी सर्वोच्च पदापर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाच्या अनुषंगाने ही कादंबरी पुन्हा वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्याचा निवेदक बिरू लाउत हा अपहृत विद्यार्थी, तर दुसऱ्याची निवेदक त्याची बहीण अस्मारा जाती. लाउतच्या भागात छळ करणारे शरीरखुणांवरूनच ओळखू येतात. एक लाल डोळ्यांचा, दुसरा झाडासारखा. आदेश देणारा अधिकारी ठसठशीत पात्र म्हणून उभा राहत नाही. डोळे बांधलेल्या माणसाचे निवेदन असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे सत्तेची उतरंड वाचकाच्याही नजरेआड राहते, ही या कादंबरीची मर्यादा म्हणावी लागेल. समुद्राची काव्यात्म वर्णनेही काही ठिकाणी अतिरिक्त वाटतात.

अस्माराचा भाग मात्र अधिक सखोल आहे. रविवारच्या जेवणात वडील चौथे ताट मांडत राहतात. मुलगा गेला असे म्हणण्यास आवश्यक असलेला कोणताही पुरावा या कुटुंबाजवळ नाही. शासनाने काहीच न सांगणे हीच येथील मुख्य घटना होय.

हे मौनच प्राबोवोंच्या राजकीय पुनरागमनाची पूर्वअट ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९९८ मध्ये सेनाधिकाऱ्यांच्या सन्मान समितीने त्यांना सेवेतून दूर करण्याची शिफारस केली. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात मात्र ही निवृत्ती 'सन्मानपूर्वक' ठरली. १९९९ मध्ये लष्करी न्यायालयात खटला चालला तो तुकडीतील ११ जणांवर; प्राबोवोंवर नाही. परत आलेल्या नऊ जणांच्या बाबतीत त्यांनी जबाबदारी मान्य केली. बेपत्ता १३ जणांविषयीचा आरोप नाकारला. अशा रीतीने कलंक होता, निकाल नव्हता. आणि निकालाविना उरलेला कलंक हा राजकारणात केवळ एका बाजूचा दावा ठरतो.

पुढील वाटचाल संथ आहे. २००८ मध्ये गेरिंद्रा पक्षाची स्थापना, २००९ मध्ये उपाध्यक्षपदासाठी पराभव, २०१४ व २०१९ मध्ये जोको विडोडो यांच्याकडून पराभव. निर्णायक वळण आले ते २०१९ मध्ये विजयी प्रतिस्पर्ध्यानेच त्यांना संरक्षणमंत्री केल्यामुळे. २०२४ मध्ये विडोडो यांचे पुत्र गिब्रान हे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले, प्रचारात नाचणाऱ्या गोंडस आजोबांची प्रतिमा आली, आणि सुमारे ५८ टक्के मते मिळाली. मतदानानंतर दोन आठवड्यांतच विडोडो यांनी त्यांना मानद चार-तारांकित जनरलपद बहाल केले. ज्या संस्थेने दूर केले तिचाच हुद्दा! (कादंबरीकाराने असा प्रसंग कल्पिला असता तर समीक्षकांनी त्यास कृतक ठरवले असते.)

या कादंबरीच्या अनेक आवृत्त्या निघाल्या व तिचा वाचक प्रामुख्याने तरुण आहे. प्राबोवोंच्या मतदारांतही १९९८ नंतर जन्मलेल्यांचा भरणा मोठा होता. यावरून कादंबरी निष्प्रभ ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. शोक काय असतो हे ती सांगते. शोकाचे कारण असलेली यंत्रणा पुन्हा प्रतिष्ठित कशी होते, हे तिच्या कक्षेबाहेर राहते. तो प्रश्न जाकार्तात राजवाड्यासमोर काळ्या छत्र्या घेऊन उभे राहणारे विचारतात. जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी ते तेथे जमत आले असून २०२४ च्या निकालानंतरही त्यांनी हा क्रम चालू ठेवला.