‘देवकण’ : एका नावाची चिकित्सा

लिऑन लेडरमन यांनी डिक टेरेसी यांच्या सहकार्याने लिहिलेला ‘द गॉड पार्टिकल’ हा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिकाचा मान लाभलेल्या प्रयोगकर्त्याने सामान्य वाचकासाठी लिहिलेला हा ग्रंथ रसाळ आणि मिश्किल आहे. त्याच्या शीर्षकाला मात्र ग्रंथाहून दीर्घ आयुष्य लाभले. जुलै २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनची वार्ता आली तेव्हा त्या शीर्षकाचा ‘देवकण’ हा अनुवाद मराठीत सर्वत्र पसरला. हा शब्द अतिशयोक्त आहे, एवढाच आक्षेप पुरेसा नाही. कोलायडरमध्ये नवा कण ‘सापडतो’ म्हणजे नेमके काय घडते, हेच तो झाकून टाकतो.

जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉनांच्या टकरीतून हिग्ज बोसॉन निर्माण होतो आणि साधारण १०⁻²² सेकंदात नष्ट होतो. कोणत्याही शोधयंत्रास तो स्वतः ‘दिसत’ नाही. दिसतात ते त्याच्या विघटनातून उरलेले कण. दोन फोटॉनांमध्ये होणारे विघटन हजारात सुमारे दोनदाच घडते, आणि फोटॉनांच्या अशाच जोड्या हिग्जविनाही विपुल प्रमाणात निर्माण होतात. म्हणून एका टकरीकडे बोट दाखवून ‘हा पाहा हिग्ज’ असे म्हणता येत नाही. असंख्य टकरींच्या आलेखावर १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास अपेक्षेहून थोड्या अधिक घटना आढळतात. तो उंचवटा म्हणजे शोध. त्यासाठी पाच प्रमाण विचलनांची अट आहे. कण अस्तित्वातच नसेल तर निव्वळ योगायोगाने एवढा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक, असा तिचा अर्थ. ‘कण असण्याची तितकी खात्री’ असा तो अर्थ नव्हे. हा गोंधळ पदव्युत्तर वर्गातही आढळतो.

ही अट इतकी कठोर का, याचे उत्तम उदाहरण लेडरमन यांच्याच कारकिर्दीत आहे. १९७६ मध्ये फर्मिलॅब येथे त्यांच्या गटाला सुमारे ६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचा पुंजका दिसला. (तो प्रयोग स्थिर लक्ष्यावरचा होता, कोलायडरवरचा नव्हे, तर्क मात्र तोच.) योगायोगाची शक्यता पन्नासात एक इतकी मानली गेली, संभाव्य कणासाठी ‘अप्सिलॉन’ हे नाव सुचवले गेले, आणि अधिक नोंदी येताच पुंजका विरून गेला. सहकाऱ्यांनी थट्टेने त्याला ‘ऊप्स-लिऑन’ म्हटले. पुढच्याच वर्षी त्याच गटाला ९.५ अब्जांपाशी खरा अप्सिलॉन मिळाला आणि त्यातून बॉटम क्वार्कचे अस्तित्व सिद्ध झाले. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास व सीएमएस या दोन्ही प्रयोगांत ७५० अब्जांपाशी दिसलेला उंचवटाही ऑगस्ट २०१६ पर्यंत मावळला; तोवर त्यावर शेकडो सैद्धांतिक शोधनिबंध लिहून झाले होते!

या पार्श्वभूमीवर सर्न या संस्थेची भाषा अभ्यासण्याजोगी आहे. ४ जुलै २०१२ रोजी तिने ‘हिग्ज बोसॉनशी सुसंगत’ असा कण आढळल्याचे जाहीर केले. त्याची स्वगुणित फिरक व अन्य गुणधर्म तपासल्यानंतर, मार्च २०१३ मध्ये, तो ‘एक हिग्ज बोसॉन’ असल्याचे म्हटले. ‘सुसंगत’पासून ‘एक’पर्यंतच्या या आठ महिन्यांना ‘देवकण’ या शब्दात जागाच उरत नाही. देव तर भेटतो किंवा भेटत नाही. तो पाच प्रमाण विचलनांनी भेटत नाही.

लेडरमन यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. टेक्सासमधील सुमारे ८७ किलोमीटर परिघाच्या नियोजित सुपरकोलायडरसाठी लोकमत अनुकूल करण्याच्या काळात हा ग्रंथ आला. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो प्रकल्पच रद्द केला. प्रचाराची गरज खरी होती. परंतु तिच्यापायी, हा कण सर्व वस्तुमानाचा कर्ता आहे, असा समज दृढ झाला. वस्तुतः हिग्ज क्षेत्रामुळे मूलकणांना वस्तुमान लाभते. प्रोटॉनचे बहुतांश वस्तुमान मात्र क्वार्क व ग्लुऑन यांच्या परस्परक्रियेच्या ऊर्जेतून येते. आपले शरीर ज्यामुळे वजनदार आहे त्याचे श्रेय प्रामुख्याने हिग्जचे नाहीच.

स्वतः पीटर हिग्ज यांनाही हे नाव रुचले नव्हते. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘हिग्ज बोसॉन’ हेच लिहिले जावे; त्यातील दुसऱ्या शब्दात सत्येंद्रनाथ बोस आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची सोयही त्यात आहे.