‘परिपूर्ती’पासून विंचुर्णीपर्यंत

स्त्रीच्या स्वातंत्र्याचा विचार मराठी समीक्षेने बहुधा उंबरठ्याच्या संदर्भात केला. शिक्षण, नोकरी, स्वतःच्या नावावरचा पैसा ही उंबरठा ओलांडल्याची प्रमाणे मानली गेली, आणि ती तशी होतीही. परंतु उंबरठा ओलांडलेल्या स्त्रीचा दिवस कोणाच्या मालकीचा असतो, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. घरची चूल सुटली नाही, बाहेरचे काम मात्र वाढले. आणि दोन्हीकडे पुरी पडणारी ती कर्तबगार, असे एक नवे मूल्य रूढ झाले. या मूल्याची निर्भयपणे तपासणी करणारे लेखन मराठीत थोडे आहे. त्यात इरावती कर्वे आणि गौरी देशपांडे या मायलेकींचे लेखन एकत्र वाचण्याजोगे आहे.

इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील शीर्षकलेखात एका सभेत लेखिकेची ओळख अमक्यांची मुलगी, सून, पत्नी अशी करून दिली जाते. तिला त्यात काहीतरी उणे वाटत राहते. पुढे रस्त्यावरची मुले तिच्याकडे आपल्या वर्गमित्राची आई म्हणून बोट दाखवतात, तेव्हा ती उणीव भरून निघते. मानववंशशास्त्रात मोलाचे काम करणाऱ्या विदुषीने आपली ओळख पुरी करण्याचा मान अखेर एका नात्याला द्यावा, यात कौतुक किती आणि उपरोध किती, हे लेख सांगत नाही. त्या न सांगण्यातच त्याचे सामर्थ्य आहे.

गौरी देशपांडे यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. ‘एकेक पान गळावया’ (१९८०) पासूनच्या त्यांच्या दीर्घकथांतील नायिका बहुतेक शिकलेल्या व स्वतंत्र बुद्धीच्या आहेत. मागच्या पिढीने मागितलेले पुष्कळसे त्यांना मिळाले आहे. तरीही त्या अस्वस्थ आहेत, कारण मिळालेले जगणे आपण निवडलेले आहे काय, ही शंका त्यांना सोडत नाही. ‘विंचुर्णीचे धडे’ (१९९६) मध्ये ही शंका कथेतून बाहेर येऊन प्रत्यक्ष जगण्याला भिडते. सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या या खेड्यात लेखिकेने घर केले. तेथील झाडे, प्राणी व माणसे हा पुस्तकाचा विषय आहे. शहरी वाचकाने त्यास विसाव्याचे किंवा वानप्रस्थाचे पुस्तक समजू नये. कष्ट येथेही आहेत. फरक इतकाच की ते कोणापुढे कर्तबगारी सिद्ध करण्यासाठी केलेले नाहीत. ‘धडे’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. शिकवण्याचे काम केलेली स्त्री येथे विद्यार्थिनी होते, आणि आपले अज्ञान ती विनोदाने मान्य करते. परिपूर्ती येथे कोणा इतरांच्या तोंडून ऐकावी लागत नाही.

मात्र येथेच एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. याच फलटणमध्ये बेबीताई कांबळे आपल्या लहानशा दुकानात बसून ‘जिणं आमुचं’ लिहीत होत्या आणि लिहिलेले कागद कित्येक वर्षे घरच्यांच्या नजरेआड ठेवीत होत्या. ते आत्मकथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रकाशात आले. तेथे गती मंद करण्याचा पर्याय नाही. गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीतून वेळ चोरावा लागतो, आणि चोरलेल्या त्या वेळात एकटीचे नव्हे, तर सबंध महार समाजाचे जिणे लिहिले जाते. ‘विंचुर्णीचे धडे’मधील निवड ही जात, शिक्षण व आर्थिक स्थैर्य यांनी शक्य केलेली निवड आहे, हे त्याशेजारी ठेवल्यावर लख्ख दिसते.

या जाणिवेने गौरी देशपांडे यांचे पुस्तक खोटे ठरत नाही. त्याची मर्यादा तेवढी निश्चित होते. स्वतःचा वेळ हा अधिकार आहे, असे एका लेखिकेने जगून दाखवले. तो अधिकार नाकारला गेला तरी स्त्री काय घडवू शकते, हे दुसरीने लिहून दाखवले. निवांतपणाला आळस आणि दमणुकीला थोरवी मानणाऱ्या समीक्षेला या दोघींपैकी एकीचेही लेखन पुरते उमगणार नाही.