२३२ दात : बातमी वाचली, पण केस वाचली का?

जुलै २०१४. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात एका १७ वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून २३२ ‘दात’ काढले. शस्त्रक्रिया सुमारे ७ तास चालली. बातमी जगभर गेली, विश्वविक्रम असावा असंही बोललं गेलं. मित्रांनो, रिसर्चला येण्याआधी ही बातमी एकदा परत वाचा. आकड्याखाली एक चांगली केस दबून गेलीय.

निदान होतं ओडोन्टोमा. दात घडवणाऱ्या पेशींची वाढ भरकटते आणि इनॅमल, डेंटिन भलत्याच जागी तयार होत राहतं. हा कॅन्सर नाही. दातांशी संबंधित गाठींमध्ये तो दुर्मीळही नाही.

तेव्हा छापून आलं की ही गाठ वरच्या जबड्यात होते, म्हणून ही केस वेगळी. हे अर्धंच खरं. ओडोन्टोमाचे दोन प्रकार आहेत. कंपाउंडमध्ये चिमुकल्या दातांसारखे तुकडे असतात आणि तो बहुधा वरच्या जबड्यात पुढे सापडतो. कॉम्प्लेक्स म्हणजे वेडावाकडा कठीण गोळा, तो बहुधा खालच्या जबड्यात दाढांपाशी. इथे तुकडेही होते आणि दगडासारखा गोळाही. मग वेगळेपण नेमकं कशात? जागेत, संख्येत, की दोन्ही रूपं एकत्र असण्यात? बातमीने हा प्रश्नच विचारला नाही.

आणि संख्येचं काय? २०१९मध्ये चेन्नईत ७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ निघाले. विक्रम गेला, पण आपलं ज्ञान किती वाढलं?

माझ्या मते खरं कौशल्य दुसरीकडे होतं. गाठ काढूनही जबड्याचं हाड शाबूत राहिलं. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिचं काय झालं? वर्षभराने एक्स-रेत हाड भरलेलं दिसलं का? केस रिपोर्ट वाचताना आधी हे शोधायचं.

सगळ्यात बोचणारी ओळ बातमीच्या तळाशी होती: सूज दीड वर्ष होती, गावाकडे निदान झालं नाही, घरच्यांना कॅन्सरची धास्ती होती. अशी गाठ जबड्याच्या साध्या एक्स-रेतही बहुधा दिसते. तो एक्स-रे मिळायला मुलाला मुंबई का गाठावी लागली? संशोधनाचा विषय निवडायचा असेल तर तो इथे आहे, २३२मध्ये नाही.