जिथे पर्याय होते, तिथे शंका कुठे गेली?

आईची किमो चालू असताना अँजेलिना जोलीचा एकच लेख मला तीन जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. आधी आजीला स्तनाचा कॅन्सर, मग आईला. आता लोक माझ्याकडे बघत होते.

'माय मेडिकल चॉइस' हा तो लेख, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये १४ मे २०१३ रोजी आलेला. आपल्या बीआरसीए१ या जनुकात दोष आहे, डॉक्टरांच्या अंदाजाने स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ८७ टक्के आहे, आई ५६व्या वर्षी गेली, म्हणून आजार झालेला नसतानाच दोन्ही बाजूंच्या स्तनांच्या पेशी काढून घेतल्या, असं जोली त्यात सांगते.

लेख धीट आहे, यात वाद नाही. जिच्या शरीराकडे जग टक लावून बघतं, ती ऑपरेशनचे टप्पे हिशोबाची वही वाचावी तशा शांतपणे सांगते. रडगाणं नाही. तेव्हा अमेरिकेत ही तपासणी ३००० डॉलरपेक्षा महाग असल्याने कितीतरी बायकांना परवडत नव्हती, हेही ती लिहिते. पुढच्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गतः असलेल्या जनुकाचं पेटंट घेता येत नाही, असा निकाल दिला.

पण पुन्हा वाचताना मी आकड्यांवर अडखळले. आधी ८७ टक्के, ऑपरेशननंतर ५ टक्क्यांच्या आत. असं मांडलं की निर्णय हा निर्णय राहत नाही, वजाबाकी होते. शिवाय ८७ हा तिच्यासाठी काढलेला अंदाज होता. २०१७ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या बायकांसाठी ८०व्या वर्षापर्यंतची शक्यता साधारण ७२ टक्के निघाली. तीही मोठीच आहे, पण ती उद्याची नाही, आयुष्यभराची आहे. आपल्याकडे पर्याय आहेत, असा दिलासा जोली देते. पण तिने ते कसे तोलले, कुठल्या रात्री मन मागे फिरलं, हे लेखात येत नाही.

तिचा दुसरा लेख, मार्च २०१५ मधला 'डायरी ऑफ अ सर्जरी', मला जास्त आवडतो. या वेळी अंडाशय आणि बीजवाहिन्या काढल्या. त्यात रक्ततपासणीचे रिपोर्ट आहेत, वाट पाहणं आहे, तिच्या आईवर उपचार केलेल्या आणि हिला पाहून डोळे भरून आलेल्या सर्जन आहेत, ३९व्या वर्षी येणारी रजोनिवृत्ती आहे. जनुकात दोष निघाला म्हणजे लगेच ऑपरेशनकडे धावायचं असं नाही, हेही ती सांगते.

गंमत अशी की, अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून तिथे डॉक्टर ऑपरेशनचा सल्ला जास्त ठामपणे देतात. स्तनाच्या बाबतीत मात्र वाट बघायला जागा असते : पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफीही, काहींना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी. एमआरआयने कॅन्सर टळत नाही, लवकर सापडतो. ऑपरेशनने तो बहुतांशी टळतो, पण स्तन जातात. हा खरा पेच. म्हणजे जिथे निवडीला वाव कमी होता, तिथे जोलीने शंकेला जागा दिली. आणि जिथे खरंच निवड होती, तो लेख मात्र दुसरा मार्गच नसल्यासारखा वाचला जातो. जगभर गाजला तो हाच.

आमच्याकडे जेनेटिक काउन्सेलरने आधी आईची तपासणी करायला सांगितली. तिच्यात दोष सापडला. माझ्यात असण्याची शक्यता निम्मी होती. आईने रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "माझ्याकडून तुला दागिने जायचे होते गं." माझाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. अशा घरात ऑपरेशनबद्दल बोलायचं म्हणजे आईला पुन्हा दोषी वाटणार, याचाही विचार करावा लागतो. असे धागे त्या पहिल्या लेखात मी शोधत होते.

मी २६ वर्षांची आहे. मावशी दर फोनला विचारते, "मग काय ठरलं गं?"

"सध्या दरवर्षी एमआरआय. तिशीनंतर पुन्हा विचार करू."

"ते झालं गं, पण ठरलं काय?"

ठरलंय ते हेच. पण मावशीने तो पहिलाच लेख वाचलाय.