दोन वर्षांचे वाङ्मय : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि इंग्रजी साहित्याचे अध्यापन

अमेरिकेतील इंग्रजी समीक्षेचा इतिहास सामान्यतः येल, शिकागो, बर्कली अशा विद्यापीठांच्या नावांनी सांगितला जातो. कोणत्या वर्गात कोणता वाचक घडला, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच येतो. वस्तुतः त्या देशातील असंख्य विद्यार्थ्यांची इंग्रजी साहित्याशी पहिली गंभीर गाठ विद्यापीठात पडत नाही. ती दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात पडते, आणि तेथून श्रेयांक घेऊन ते विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश करतात. आपल्याकडील अकरावी-बारावीच्या ‘ज्युनिअर कॉलेजा’शी ह्या संस्थेचा घोटाळा करू नये. नाव एके काळी तेच होते. परंतु तेथे शिकविली जातात ती पदवीचीच पहिली दोन वर्षे होत.

ह्या विभागणीचे मूळ विद्यापीठाच्याच सोयीत आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्यांनी पदवीच्या अभ्यासक्रमाचे कनिष्ठ व वरिष्ठ असे दोन भाग पाडले, आणि त्यांच्याच प्रेरणेने 1901 मध्ये जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघाले. आरंभीची दोन वर्षे म्हणजे केवळ पूर्वतयारी, खरे ज्ञान त्यानंतरचे, ही श्रेणीकल्पना त्या रचनेत पहिल्यापासूनच होती. कॅलिफोर्नियाने 1960 च्या बृहत्योजनेत तिला पक्के रूप दिले. राज्यातील वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालये, आणि शिकण्याचा लाभ घेऊ शकेल अशा कोणालाही ज्युनिअर कॉलेज. दार सर्वांना उघडे होते. मात्र पुढील जिन्याची रुंदी निराळी होती.

त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क ह्यांनी सॅन होझे येथील ज्युनिअर कॉलेजाच्या अभ्यासातून एक कठोर निष्कर्ष मांडला. हे उघडे दार विद्यार्थ्याची आकांक्षा पूर्ण करण्यापेक्षा ती हळूहळू शमवण्याचे कार्य करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. फसविल्या गेलेल्या सावजाचा संताप भामट्याचा साथीदार गोड बोलून निववतो, ह्या अर्व्हिंग गॉफमन ह्यांच्या 1952 च्या विवेचनातून त्यांनी आपली संज्ञा उचलली होती. ह्या मीमांसेत सत्य आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. तथापि क्लार्क ह्यांची दृष्टी समुपदेशकाची खोली, पूर्वपरीक्षा आणि गुणपत्रक ह्यांच्यावर खिळलेली आहे. वर्गात कविता वाचली जाते तेव्हा काय घडते, ह्याचे उत्तर त्यांच्याजवळ नाही; आणि साहित्याच्या अभ्यासकाला तर तोच प्रश्न महत्त्वाचा वाटणार.

त्या प्रश्नाकडे वळले की दोन अध्यापनपद्धतींचा झगडा स्पष्ट दिसू लागतो. पहिली पद्धत सूक्ष्म वाचनाची. क्लिऍन्थ ब्रुक्स व रॉबर्ट पेन वॉरन ह्यांचे ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ हे पुस्तक 1938 मध्ये प्रसिद्ध झाले. लुइझियाना राज्य विद्यापीठात शिकविताना, विद्यार्थ्यांना कविता वाचताच येत नाही, ह्या रोजच्या अनुभवातून ते सिद्ध झाले होते. नवसमीक्षेला पुढे अभिजनवादी, इतिहासपराङ्मुख अशी विशेषणे लागली व ती सर्वस्वी अस्थानी नाहीत. परंतु तिचा हा वर्गातला जन्म विसरला जातो. 1944 च्या सैनिक-पुनर्वसन कायद्यानंतर युद्धावरून परतलेले तरुण महाविद्यालयांत लोटले, तेव्हा ज्यांच्या घरी ग्रंथसंग्रह नव्हता, ज्यांना लॅटिन येत नव्हते, अशांना शिकविण्यास हीच पद्धत उपयोगी पडली. कारण तिला लागते एक पान आणि लक्ष देणारे एक मन. संदर्भांचे वडिलोपार्जित भांडवल ती मागत नाही. ह्या अर्थाने उघड्या दाराच्या महाविद्यालयाला साजेशी पद्धत तीच होय.

दुसरी पद्धत सर्वेक्षणाची. ‘बेओवुल्फ’पासून अठराव्या शतकापर्यंत एक सत्र, स्वच्छंदतावादापासून आजपर्यंत दुसरे, अमेरिकन वाङ्मयाचीही तशीच दोन सत्रे. एम. एच. एब्रॅम्झ ह्यांच्या संपादनाखाली 1962 मध्ये निघालेला नॉर्टन संग्रह ह्याच अभ्यासक्रमासाठी होता आणि त्यानेच तो दृढ केला. सर्वेक्षण निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. कालक्रमाचे भान नसलेला वाचक अधांतरी राहतो. परंतु कम्युनिटी कॉलेजात ते का टिकून आहे, ह्याचे कारण वाङ्मयीन नाही. ते मोजता येते, हे खरे कारण आहे. विद्यापीठाने आपल्या पहिल्या दोन वर्षांत जे शिकविले त्याला समतुल्य असे काही दाखविल्याशिवाय श्रेयांक स्थलांतरित होत नाहीत. आणि ‘ब्रिटिश वाङ्मय, भाग पहिला’ ह्या शीर्षकाची समतुल्यता दाखविणे सोपे असते. एका कवितेवर तीन आठवडे घालविणाऱ्या वर्गाची समतुल्यता कशाशी दाखवावी?

कॅलिफोर्नियाच्या 2010 च्या कायद्याने साठ श्रेयांकांची स्थलांतरक्षम सहपदवी निर्माण केली. ती मिळविणाऱ्यास राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते आणि पुढे साठांहून अधिक श्रेयांक करावे लागत नाहीत. विद्यार्थ्याचा वेळ व पैसा ह्यांनी वाचतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु शिक्षकाच्या निवडीचे क्षेत्र त्याच प्रमाणात आखले जाते. आपल्या संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकास अभ्यासमंडळाने नेमलेले पुस्तक शिकवावे लागते. तेथील प्राध्यापक पुस्तक स्वतः निवडतो, मात्र त्या निवडीवर न दिसणाऱ्या समतुल्यतेचा अंकुश असतो. बंधने दोन्हीकडे आहेत. आपले बंधन निदान छापील असते.

ह्यातील विरोधाभास असा की, सूक्ष्म वाचन आज सर्वेक्षणाच्या वर्गात उरले असेल त्याहून अधिक निबंधलेखनाच्या वर्गात उरले आहे. श्रेणीत सर्वांत खालचा, पदव्युत्तर संशोधनाला तुच्छ वाटणारा हा वर्ग. परिच्छेद कसा बांधला आहे, लेखकाने हाच शब्द का योजला, हे प्रश्न तेथे रोज विचारले जातात. मायना शॉनेसी ह्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात, 1970 च्या मुक्त प्रवेशानंतर आलेल्या विद्यार्थ्यांचे लेखन तपासले आणि 1977 च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या चुकांमागील तर्क उलगडून दाखविला. ते महाविद्यालय चार वर्षांचे असले तरी प्रश्न हाच होता. एखाद्या कठीण कवितेला द्यावे तितके लक्ष त्यांनी नवशिक्याच्या वाक्याला दिले. त्या ग्रंथाला उत्तम समीक्षेत स्थान का असू नये, हे समजणे कठीण आहे. कॅलिफोर्नियात 2017 च्या कायद्यानंतर पूर्वतयारीचे वर्ग मोठ्या प्रमाणावर बंद होऊन विद्यार्थी थेट स्थलांतरक्षम वर्गात बसू लागले. हा वर्ग आता अधिकच मध्यवर्ती झाला आहे.

लेखकांची उदाहरणे येथे जपून वापरावी लागतात, कारण अपवादांच्या यादीने व्यवस्थेचे समर्थन होत नाही. ग्वेंडोलिन ब्रुक्स 1936 मध्ये शिकागोच्या विल्सन ज्युनिअर कॉलेजातून उत्तीर्ण झाल्या आणि पुढे विद्यापीठात गेल्याच नाहीत. 1950 चे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. स्थलांतराच्या हिशेबात त्या अपयशी ठरतील! ज्या सॅन होझेत क्लार्क ह्यांना शमन दिसले, तेथूनच एमी टॅन पुढे राज्य विद्यापीठात गेल्या. अधिक बोलके उदाहरण गॅरी सोटो ह्यांचे. फ्रेझ्नो सिटी कॉलेजात ते भूगोलाकडे वळण्याच्या विचारात होते. तेथील ग्रंथालयात डोनाल्ड ऍलन ह्यांनी 1960 मध्ये संपादिलेला नव्या अमेरिकन कवितेचा संग्रह त्यांच्या हाती पडला आणि दिशा बदलली. पुढे फ्रेझ्नोच्याच राज्य विद्यापीठात फिलिप लेव्हिन त्यांना शिक्षक म्हणून लाभले. निर्णायक ठरले ते पुस्तक कोणत्याही समतुल्यतापत्रकातून आलेले नव्हते, ते कपाटात होते. पहिल्या दोन वर्षांना निव्वळ पूर्वतयारी मानणाऱ्या हार्परप्रणीत कल्पनेला ह्याहून सरळ उत्तर नाही: त्या दोन वर्षांत विद्यार्थी विषयासाठी तयार होत होता असे नव्हे, तो विषयच निवडत होता.

2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि 2021 ची श्रेयांकपेढी ह्यांमुळे हा सारा व्यवहार महाराष्ट्रातील भाषाविभागांच्याही दारी आला आहे. प्रत्येक अभ्यासपत्रिका आता दुसऱ्या विद्यापीठास पटेल अशा भाषेत लिहावयाची आहे. मराठी वाङ्मयाचा कालखंडनिहाय इतिहास त्या भाषेत सहज उतरेल. तुकारामाचा एकच अभंग पंधरा दिवस वाचणारी पत्रिका कोणत्या शीर्षकाखाली आणि किती श्रेयांकांची म्हणून नोंदवावयाची, हे अभ्यासमंडळांना ठरवावे लागेल.